आठवीच्या पोरांचा निरोप यंदा कसा करावा? जि. प. शाळा, १९ मुलं, समारंभ करता येणार नाही

माणदेशी_बाई | २० एप्रिल २०२१, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. मी सातारा जिल्ह्यात माण तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत आठवीची वर्गशिक्षिका आहे. शाळा आठवीपर्यंतच, नववीला पोरं सहा किलोमीटरवरच्या हायस्कूलला जातात. म्हणजे आठवी झाली की गावची शाळा सुटली, आणि त्याचा निरोप समारंभ आमच्याकडे दरवर्षी जोरात होतो. सातवीची पोरं वर्गणी काढून पोहे-जिलेबी करतात, तालुक्याहून फोटोवाला येतो, बाकं लावून ग्रुप फोटो, मग मनोगतं, आणि तिसऱ्या वाक्याला रडारड. जाणारी बॅच शाळेला काहीतरी भेट देऊन जाते, ऑफिसातलं घड्याळ असंच आलंय आणि व्हरांड्यातला मोठा आरसापण.

यंदाच्या बॅचचं काय सांगू. ही पोरं सातवीत असताना मार्च २०२० ला शाळा बंद झाली ती झालीच. आठवी सुरू झाली ती फोनवर. मुंबईत काम करणारी तीन घरं लॉकडाऊनमधे गावाला परत आली, त्यांची तीन पोरं याच वर्गात दाखल झाली, त्यांना बाकीच्यांनी पहिल्यांदा बघितलं ते २७ जानेवारीला, जेव्हा पाचवी ते आठवीचे वर्ग उघडले, संमतीपत्र, मास्क, एका बाकावर एक जण. जेमतेम दीड महिना झाला आणि परत कुलूप. आता ३ एप्रिलला शिक्षणमंत्री वर्षा गायकवाडांनी पहिली ते आठवी परीक्षा न घेता वरच्या वर्गात असं जाहीर केलं, आणि प्रगतिपत्रकावर शेरा काय लिहायचा तर वर्गोन्नत. गावात त्याचं झालं ढकलपास. पारावर, किराणा दुकानात, सगळीकडं तोच शब्द. एका पोरीनं मला फोनवर विचारलं, बाई आम्ही पास झालो का नुसतं पुढं ढकललं? मी म्हटलं अगं पासच झालीस, पण तिला ते पटलं नाही हे फोनवरसुद्धा कळलं मला.

निकालाचा दिवस १ मे. १४ तारखेपासून संचारबंदी आहे, लग्नालाच २५ माणसं, त्यामुळे १९ पोरं आणि पालक एका ठिकाणी बोलवायचा प्रश्नच नाही, आणि कुणी परवानगी दिली तरी मी बोलवणार नाही. व्हिडिओ कॉल म्हणाल तर १९ पैकी आठ जणांच्या घरी स्मार्टफोन दिवसभर घरात असतो, बाकीच्यांचा बापाबरोबर रानात नाहीतर टेम्पोवर. आणि अजून एक, वर्गातल्या एका मुलाचे वडील दहा दिवसांपूर्वी कोरोनानं गेले. त्याच्यासमोर कसला आनंद करायचा हेही कळत नाही.

पण काहीच न करता दाखले हातात द्यायचे हे मनाला पटत नाही. कुणी काही केलंय का, कसं केलं, सांगा.

सरळवाट | २१ एप्रिल, सकाळी ७.१५

ताई राग मानू नका पण हे दिवस निरोप समारंभाचे आहेत का? आमच्या नाशकात ऑक्सिजनच्या बेडसाठी लोक रात्रभर फिरतायत, रेमडेसिविरसाठी रांगा आहेत, माझी सख्खी मावशी गेल्या आठवड्यात गेली आणि आम्हाला तिचं तोंडही बघता आलं नाही. पोरं जिवंत आहेत, घरात आहेत, हे खूप आहे. दाखला द्या आणि पुढच्या वर्षी सगळं ठीक झालं की बोलवा परत. तुम्हीही जपा, शिक्षकांना चेकपोस्टला आणि लसीकरणाला ड्युट्या लावल्यात हे माहितीये.

बालाघाटचा_मास्तर | २१ एप्रिल, दुपारी १.०५

सरळवाट, मावशींचं ऐकून वाईट वाटलं. पण पुढच्या वर्षी बोलवा म्हणता, ते आमच्यासारख्या शाळेत होत नाही हो, पुढच्या वर्षी ती सगळी लेकरं सापडतच नाहीत. म्हणून लिहितोय.

मी बीड जिल्ह्यात आहे, आमच्या गावातली निम्मी घरं ऊसतोडीला जातात, दिवाळीच्या सुमाराला गेलेली आता एवढ्यात परत येऊ लागलीत. आठवी हे आमच्याकडं कड्याचं टोक आहे. कायद्यानं सक्तीचं आणि मोफत शिक्षण सहा ते चौदा, म्हणजे आठवीपर्यंत. शाळा गावात, पोषण आहार, पुस्तकं, सगळं आठवीपर्यंत. नववीला एसटी, फी, गणवेश, आणि पोरगी असली तर रोज एवढ्या लांब कशी पाठवायची हा प्रश्न. मागच्या वर्षी माझ्या वर्गातून २२ जणांनी दाखले नेले आणि दिवाळीनंतर हायस्कूलला चौकशी केली तर १५ जणांचीच नावं पटावर. सात लेकरं कुठं गेली? तीन कोयत्यावर, दोघींची लग्नं, दोघांचा पत्ता नाही. दाखले मी पालकांच्या हातात दिले होते, मोटरसायकलवर येऊन घेऊन गेले, मी सही घेतली आणि फाईल बंद केली. ते मला अजून खुपतं.

तर बाई, मी यंदा काय करणारे ते सांगतो. दाखला शाळेत द्यायचा नाही, एकेका घरी स्वतः जाऊन द्यायचा, अंगणात उभं राहून, मास्क लावून, आणि बरोबर नववीच्या प्रवेशाचा फॉर्म हायस्कूलमधून आधीच आणून ठेवायचा. दाखला दिला की तिथंच फॉर्म भरून घ्यायचा आणि मीच हायस्कूलला पोचवायचा. माझ्या दृष्टीनं हाच निरोप समारंभ आहे.

ज्यांनी एनएमएमएस ही शिष्यवृत्तीची परीक्षा दिलीय त्यांच्या आईवडलांना नीट समजावून सांगा की लागली तर वर्षाला १२ हजार, नववी ते बारावी, पण लेकरू शाळेत पाहिजे तरच. आमच्याकडं हा आकडा ऐकल्यावर दोन बापांचा सूरच बदललाय. आणि एखाद्या मुलीच्या लग्नाची कुणकुण लागली तर ग्रामसेवकाला सांगा, गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी तोच असतो, बऱ्याच जणांना हे माहीत नसतं. १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन पण आहे. लॉकडाऊनमधे मंडप नाही वाजंत्री नाही, चार माणसांत उरकतात, कळतसुद्धा नाही.

जर्सीकर_आई | २१ एप्रिल, रात्री ११.५०

मी न्यू जर्सीत असते, माहेर साताऱ्याचंच, म्हणून धागा उघडला. माझी मुलगी जून २०२० मधे आठवी पास झाली. इथे मिडल स्कूल आठवीला संपतं आणि नववीपासून हायस्कूल, त्यामुळे आठवीचा सोहळा मोठा असतो, नवीन ड्रेस, स्टेजवर नाव पुकारणं, आजी-आजोबा भारतातून यायचं तिकीट काढतात. आमच्या घरीही काढलं होतं, रद्द केलं. मार्चमधे शाळा बंद झाल्या आणि ४ मेला गव्हर्नरनी सांगितलं की आता हे वर्ष संपेपर्यंत उघडणार नाहीत.

शाळेने मग गाड्यांची मिरवणूक केली. आम्ही आपापल्या गाडीत बसून शाळेच्या पार्किंगमधून हळूहळू जायचं, शिक्षक कडेला फलक घेऊन उभे, हॉर्न, फुगे, खिडकीतून सर्टिफिकेट आत. घरासमोरच्या गवतात रोवायला पाटी पण दिली, इथे आठवी पास झालेली मुलगी राहते अशा अर्थाची. छान होतं, खोटं कशाला बोलू. पण एका हाताने सर्टिफिकेट दिलं आणि दुसऱ्याने लॉकरमधलं सामान, कचऱ्याच्या काळ्या पिशवीत भरून वर नाव चिकटवलेलं. ती पिशवी मांडीवर घेऊन मुलगी घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. म्हणून माझी विनंती, वर्गात त्या पोरांचं काही राहिलं असेल, वही, चित्र, कंपास, काहीही, तर ते नीट कागदात बांधून द्या.

दुसरं असं की इयरबुकमधे, म्हणजे शाळेच्या वर्षभराच्या फोटोंच्या पुस्तकात, शेवटी कोरी पानं असतात, मित्रमैत्रिणींनी सही करून दोन ओळी लिहायच्या. भेटच नाही तर लिहिणार कोण. मुलीने आणि तिच्या तीन मैत्रिणींनी इयरबुकं एकमेकींच्या दारात ठेवायला सुरुवात केली, दोन दिवस पडू द्यायचं, मग उचलायचं, लिहायचं, पुढच्या दारात. ऑगस्ट उजाडला पूर्ण व्हायला. ते शाळेने केलं नव्हतं, पोरींनी आपलं आपण केलं, आणि आज ती पाटी गॅरेजमधे आहे पण ते पुस्तक उशाशी आहे. तुमच्याकडे एक वही फिरवता येईल का, १९ पानांची?

आता_नववीत | २२ एप्रिल, सायंकाळी ५.२०

मी कोल्हापूर जिल्ह्यातला, ताईच्या अकाउंटवरून लिहितोय. मी आठवी २०२० ची बॅच, आमचीपण शाळा आठवीपर्यंतच होती. आमचा निरोप समारंभ एप्रिलमधे होता, मी भाषण नीट पाठ केलेलं, ते राहिलंच. जूनमधे पप्पांनी दाखला आणला. मी सरांना बाय पण नाही म्हटलं. नंतर रस्त्यात दिसले तर मला काय बोलावं कळेना म्हणून मी सायकल वळवली, खरं तर मला ते आवडायचे. मॅडम तुम्ही पोरांना फोन करणार असाल तर ग्रुपवर मेसेज नका टाकू सगळ्यांना एकच, एकेकाला करा. आणि भाषण म्हणायला द्या. फोनवर दिलं तरी चालेल.

निवृत्त_हेडमास्तर | २२ एप्रिल, रात्री ९.३०

बाई, ३४ वर्षं शाळेत काढली त्यातली १४ मुख्याध्यापक म्हणून, त्या हक्कानं दोन गोष्टी सांगतो.

पहिली ढकलपासची. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्यात कलम ३० आहे, प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत बोर्डाची परीक्षा नाही, आणि त्याच कलमात पुढे असंही आहे की ते पूर्ण करणाऱ्या प्रत्येक मुलाला प्रमाणपत्र द्यायचं. प्राथमिक शिक्षण म्हणजे पहिली ते आठवी. प्रत्येक शाळेत हे प्रमाणपत्र वेगळं, नीट, मुलाच्या हातात पडतंच असं नाही, दाखला आणि प्रगतिपत्रकावर भागवतात. तुम्ही यंदा ते करा. चांगल्या जाड कागदावर, सुवाच्य अक्षरात, मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्यानं, आठ वर्षांचं प्राथमिक शिक्षण पूर्ण केल्याबद्दल. पोराला सांगता येतं की बाबा एका वर्षाची परीक्षा झाली नाही, पण आठ वर्षं मी शाळा केलीय आणि हा कागद त्याचा आहे.

आणि त्या कागदाखाली तुमच्या हातानं एक ओळ लिहा, त्या पोरानं या वर्षात खरोखर काय केलं ती. मार्क नाहीत तर नाहीत, पण वर्ष फुकट गेलं असं कुठंय? कुणी धाकट्या भावंडांना शिकवलं असेल, कुणी भाजी विकली असेल, कुणी घरचं माणूस आजारी असताना स्वयंपाक केला असेल. तुम्हाला माहीत नसेल तर विचारा, पोरगं नाही सांगणार, आईला विचारा.

दुसरी, ज्याचे वडील गेले त्याची. त्याला वगळू नका आणि त्याच्यासाठी सगळ्यांचं थांबवूही नका, दोन्हीनं तो एकटा पडतो. आधी त्याच्या घरी जा, कागद न घेता जा, नुसत्या बसा. नंतर दुसऱ्या दिवशी त्यालाच विचारा की तुला कसं पाहिजे. चौदा वर्षांचं पोरगं नीट सांगू शकतं. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याच्या नावानं श्रद्धांजल्या सुरू झाल्या असतील तर त्या थांबवा, त्याच्या हातात तोच फोन असतो.

देवळापुढचा_कट्टा | २३ एप्रिल, सकाळी ८.००

हेडमास्तरांची ती ओळ भारी आहे, पण ती कागदावरच ठेवू नका, गावाला ऐकू द्या, ढकलपास गावच म्हणतंय ना. तुमच्या गावात ग्रामपंचायतीचा स्पीकर असेलच, मास्क लावा, घराबाहेर पडू नका असं ज्यावर सांगतात तो. पालघरकडं जव्हार-मोखाड्यात मागच्या वर्षी स्पीकर लावूनच धडे ऐकवत होते, पोरं लांब लांब बसून ऐकायची. सोलापुरात नीलमनगरला शिक्षकांनी घरांच्या भिंतींवर धडे रंगवले. मग निरोप समारंभ स्पीकरवर का नको? सरपंचाला विचारा, संध्याकाळी दिवेलागणीला अर्धा तास मागा, १९ नावं आणि १९ ओळी वाचा, जो तो आपापल्या घरात बसून ऐकेल. गर्दी नाही, नेट नाही, रिचार्ज नाही.

माणदेशी_बाई | २३ एप्रिल, रात्री ११.१०

सगळ्यांचे खूप आभार, रोज रात्री ड्युटीवरून आल्यावर वाचतेय. मास्तर तुमचं वाचून झोप लागली नाही, कारण माझ्या मागच्या बॅचचं मी कधी विचारलंच नव्हतं. काल हायस्कूलला फोन करून यादी मागवली. चार नावं नाहीत.

स्पीकरचं सरपंचांना बोलले, ते लगेच हो म्हणाले. वही फिरवायला आता वेळ कमी आहे आणि घराघरांत आजार आहे म्हणून ते जूनवर टाकलंय. कपाट उघडलं तर सातवीतल्या विज्ञानाच्या वह्या आणि मातीचे दोन ज्वालामुखी निघाले, गेल्या मार्चपासून तसेच.

सरळवाट | २४ एप्रिल, सकाळी ६.५०

ताई माझा पहिला प्रतिसाद मागे घेतो. माझ्या भाचीची पण यंदा आठवी आहे, मावशीची नात. तिला काल फोन केला, मावशी गेल्यापासून तिच्याशी कुणी शाळेबद्दल बोललंच नव्हतं. अर्धा तास बोलत होती.

माणदेशी_बाई | २ मे, रात्री ९.४५

झालं काल. थोडं सविस्तर लिहिते, ज्यांनी सुचवलं त्यांच्यासाठी.

आठवडाभर आयांना फोन केले. मला वाटत होतं मला माझी पोरं माहीत आहेत, पण काय काय कळलं. एकाच्या गोठ्यात टीव्ही होता, त्यानं दूरदर्शनवर टिलीमिली हा शाळेच्या अभ्यासाचा कार्यक्रम लागायचा तेव्हा वस्तीवरची सात पोरं रोज जमवली, लहानांना पुढं बसवलं आणि हजेरी घेतली, वहीत, माझ्यासारखी. एका पोरीनं आजीला अंगठ्याऐवजी सही करायला शिकवली. मुंबईहून आलेल्या तिघांपैकी एकाला विहिरीची भीती वाटायची, तो उन्हाळ्यात पोहायला शिकला. एकीनं लॉकडाऊनमधे वडलांच्या कलिंगडांचे फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकून एक टेम्पो माल गावोगाव विकला, हिशेब तिच्याच अक्षरात आहे. ढकललं का म्हणून विचारणारी तीच. तिच्या कागदावर मी कलिंगडांचा हिशेब लिहिला, पैसे सगळे जुळल्याचं पण लिहिलं.

ज्याचे वडील गेले त्याच्याकडं आधी जाऊन आले, हेडमास्तर म्हणाले तसं, रिकाम्या हातानं. दोन दिवसांनी विचारलं. तो म्हणाला माझं नाव वाचा, पण वाचताना आईचं पण नाव घ्या. म्हणून मग मी सगळ्यांचीच तशी वाचली, मुलाचं, आईचं, वडलांचं, आडनाव. गावात १९ बायांची नावं स्पीकरवर पहिल्यांदाच आली असतील.

काल संध्याकाळी साडेसहाला सुरू केलं. सरपंच, मुख्याध्यापक आणि मी, तिघंच ग्रामपंचायतीत, लांब लांब. आधी सातवीतल्या एका मुलीचं मनोगत फोनवरून, माईक फोनला लावून, थोडं खरखरलं पण ऐकू गेलं. मग आठवीतल्या दोघांची भाषणं तशीच. आता_नववीत, हे तुझ्यामुळं हं बाळा, आणि तू एकदा सरांकडं जा, सायकल वळवू नको. मग नावं. मी रडायचं नाही ठरवलं होतं, सहाव्या नावाला आवाज गेला, मुख्याध्यापकांनी तीन नावं वाचली मग परत मी. प्रत्येक नावानंतर त्या त्या आळीतून टाळ्या, ताटं, कुठं शिट्टी. अंधारात कुठून आवाज येतोय त्यावरून कळत होतं कुणाचं घर ते. वडील गेलेल्या पोराचं नाव वाचलं तेव्हा क्षणभर काहीच नाही, आणि मग सगळ्या बाजूंनी एकदम.

आज सकाळपासून घरोघर दाखला, प्रमाणपत्र, राहिलेल्या वह्या आणि नववीचा फॉर्म. ज्वालामुखीपण पोचले. १७ फॉर्म भरून माझ्या पिशवीत आहेत. उरलेल्या दोघांतला एक वडलांबरोबर मेंढरं घेऊन कोकणाकडं गेलाय, आठवड्यात परततील म्हणे, त्याच्या चुलत्याला निरोप ठेवलाय. दुसऱ्या मुलीच्या घराला कुलूप आहे, फोन बंद, शेजारीण म्हणाली मामाच्या गावाला गेलेत सगळे, आणि पुढं काही बोलली नाही. गाव तालुक्यातच आहे. ग्रामसेवकांशी बोलणं झालंय, उद्या सोमवारी सकाळी सातला आम्ही दोघं निघतोय.

बालाघाटचा_मास्तर | २ मे, रात्री १०.०२

बाई, तिचा जन्मदाखल्याचा उतारा किंवा जनरल रजिस्टरची नक्कल बरोबर घ्या, वयाचा पुरावा तिथं लागेल. पोचलात की इथं लिहा, मी जागा आहे.